आयसीयूतलं बाळ आणि त्याचे आईबाबा

हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळाचे आईबाबा पहिल्यांदा आयसीयूत येतात, तेव्हा बहुतेक जण खाटेपासून दोन पावलं लांबच उभे राहतात. हात मागे बांधलेले, नजर मॉनिटरवर. ‘जवळ या,’ म्हटलं तरी बाबा म्हणतात, ‘नको सिस्टर, तुमचं काम चालू द्या.’ लहान मुलांच्या हृदयविकार विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता स्पष्टच सांगते: तुम्ही तिथे पाहुणे नाही. औषधं, यंत्रं, टाके ही आमची कामं आहेत. पण त्या खाटेवरच्या बाळाला आईबाबांकडूनच मिळू शकतील अशा काही गोष्टी असतात, आणि त्या पहिल्या दिवसापासून लागतात.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. कुणाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, कुणाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल, कुणाला ‘फॅलोचा टेट्रॉलॉजी’, ज्यात बाळ रडताना निळं पडतं. यातली काही छिद्रं आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, आणि काही दोषांत ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. तेव्हा हे तुमच्याच नशिबी आलं, गरोदरपणात काही चुकलं, ग्रहणात सुरी हातात धरली म्हणून झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते कानाआड करा. बहुतेक बाळांमध्ये अमुक एका गोष्टीमुळे दोष राहिला असं बोट ठेवून दाखवता येतच नाही.

पहिली रात्र सगळ्यात अवघड जाते, कारण सकाळी तुम्ही हातात दिलेलं बाळ आणि संध्याकाळी दिसणारं बाळ यांत फार फरक असतो. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्ताभिसरणाचं काम हार्ट-लंग मशीन करतं. रक्त त्या यंत्रातून फिरलं की शरीरात सूज येण्याची क्रिया सुरू होते आणि रक्तवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं. म्हणून चेहरा, पापण्या, हातपाय सुजतात. लघवी वाढवणारी औषधं सुरू झाली की ही सूज काही दिवसांत उतरते. तोंडातून किंवा नाकातून गेलेली नळी व्हेंटिलेटरची. मानेतली सलाईन औषधांसाठी, मनगटातली बारीक नळी दर क्षणाचा रक्तदाब दाखवणारी. छातीतून बाहेर आलेल्या ड्रेनमधून साचलेलं रक्त आणि पाणी निघून जातं. छातीवर चिकटवलेल्या दोन-तीन बारीक तारा असतील, तर त्या हृदयाची लय गडबडली तर तात्पुरता पेसमेकर जोडण्यासाठी असतात. काही नवजात बाळांची छाती सूज उतरेपर्यंत मुद्दाम न शिवता, वरून झाकून ठेवतात. हे शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा, म्हणजे पडदा सरकवल्यावर धक्का बसणार नाही.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा ते बारा तासांत हृदयाचा जोर बऱ्याचदा थोडा उतरतो आणि मग सावरतो. संध्याकाळी ‘छान आहे’ म्हणालेले डॉक्टर मध्यरात्री औषधं वाढवताना दिसले, तर काही लपवलं जातंय असं समजू नका. या घसरणीची तयारी आधीच करून ठेवलेली असते.

आईबाबांची झोप उडवणारी वस्तू म्हणजे मॉनिटर. त्यावर नाडीचे ठोके, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजनचे आकडे असतात. कुठला आकडा कशाचा आणि तुमच्या बाळासाठी तो कितीच्या आसपास असावा, हे सिस्टरला विचारून कागदावर लिहून घ्या. ‘तुमच्या बाळासाठी’ हे महत्त्वाचं. पूर्ण दुरुस्ती झालेल्या बाळाचा ऑक्सिजन ९५च्या वर असावा अशी अपेक्षा असते. पण शंट (फुफ्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी) बसवलेल्या किंवा एकाच कप्प्यावर काम चालणाऱ्या हृदयाच्या बाळाला ७५ ते ८५ हाच योग्य आकडा असतो. शेजारच्या खाटेवर ९८ दिसतोय आणि आपल्याकडे ८०, म्हणून रात्रभर रडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. एका प्रश्नाने ती रात्र टळली असती. अलार्म वाजला की आधी बाळाकडे पाहा, नंतर पडद्याकडे. पुष्कळदा बाळाने पाय हलवलेला असतो आणि पायाला लावलेला सेन्सर सुटलेला असतो.

आता स्पर्श. बाळाला हात लावायचा की नाही, ही भीती सगळ्यांना असते. लावायचा, पण विचारून, कारण पहिल्या काही तासांत काही बाळांना हलक्या स्पर्शानेही त्रास होतो. परवानगी मिळाली की थोपटू नका, कुरवाळू नका, गुदगुल्या तर नाहीच. एक तळहात डोक्यावर आणि दुसरा पावलांवर किंवा मांडीवर ठेवा, आणि तसाच स्थिर धरून राहा. आजारी बाळाला हलता हात जड वाटतो, स्थिर हात आधार देतो. हात काढतानाही एकदम काढू नका. आधी एक, मग दुसरा. अशा धरण्याने नाडीचे ठोके हळूहळू खाली येताना मी मॉनिटरवर पाहिले आहेत. सुई टोचताना किंवा सक्शन करताना तुम्हाला थांबायचं असेल तर तसं सांगा. काहींना बघवत नाही, ते बाहेर गेले तरी त्यात काही कमीपणा नाही.

आवाज तर झोपेच्या औषधाखालीही पोचतो असं धरून चाला. जे घरी म्हणायचात तेच म्हणा: अंगाई, अभंग, हरिपाठ, किंवा नुसतं ‘बाबा आलाय रे, इथंच आहे.’ खणखणीत आवाजात नको, कानाशी. मोबाइलवर गाणी लावून ठेवू नका. आयसीयूत आधीच आवाज खूप असतात.

आत येताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवा, प्रत्येक वेळी. शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर मुक्काम आठवड्यांनी लांबतो, आणि तो बहुधा हातांतूनच येतो. काळा दोरा, ताईत, तीट, काजळ, अंगारा यातलं काहीही बाळाच्या अंगाला नको. घरच्यांची श्रद्धा मोडायची नसेल तर दोरा आपल्या पिशवीत ठेवा. कुणी सिस्टर त्याला हरकत घेणार नाही. चमचाभर तीर्थ, मध, जन्मघुटी, ग्राइप वॉटर मात्र लपवूनही देऊ नका. पोट रिकामं ठेवायला सांगितलेल्या बाळाच्या तोंडात गेलेला थेंबही श्वासनळीत उतरू शकतो.

दुधाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आई हे सगळं सोसत असताना कुणी तिच्याशी त्याबद्दल नीट बोलत नाही. बाळ व्हेंटिलेटरवर आहे, अंगावर पीत नाही, म्हणून दूध काढणं थांबवलं की चार-सहा दिवसांत पान्हा आटायला लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून दर तीन तासांनी, चोवीस तासांत आठ वेळा, त्यात रात्री एकदा तरी दूध काढायला हवं. पंप मिळाला तर बरं, नाहीतर हातानं. वॉर्डातल्या सिस्टरला किंवा स्तनपान सल्लागाराला दाखवायला सांगा. सुरुवातीला चमचाभरच निघेल. तोही टाकू नका, कारण पहिल्या चिकाचे दोन थेंब कापसाच्या बोळ्याने बाळाच्या गालाच्या आत लावता येतात. बाटलीवर बाळाचं नाव, तारीख, वेळ लिहा. साध्या तापमानात काढलेलं दूध चार तासांत वापरायचं. फ्रिजमध्ये किती तास ठेवायचं हे तिथल्या नियमांप्रमाणे. सिझेरियनचे टाके घेऊन बाकड्यावर बसलेल्या बाळंतिणीला हे अवघड जातं. दर तीन तासांनी तिला पडदा असलेली जागा मिळवून देणं, पाणी आणि गरम जेवण तिच्यापर्यंत पोचवणं, हे काम नवऱ्यानं किंवा सासूनं आपलं समजावं. आईचं दूध पुरतच नसेल तर रुग्णालयात मानवी दुधाची पेढी आहे का ते विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली, आणि आता राज्यात इतरही ठिकाणी ती सोय आहे.

पुढे दूध सुरू होतं तेव्हा ते मोजून आणि नाकातल्या नळीतून. हृदयावर ताण नको म्हणून पहिले काही दिवस एकूण पातळ पदार्थांना मर्यादा असते. बाळ भुकेनं रडतं आणि आईचा जीव तुटतो. तरी दिलेल्या मापापलीकडे देऊ नका. नळीनं दूध चालू असताना बाळाला चोखायला स्वच्छ बोट द्यायचं का, हे विचारा. चोखणं आणि पोट भरणं यांचा संबंध त्यातून टिकून राहतो. तोंडानं पाजायला लागल्यावर एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त ओढू नका. कपाळाला घाम, धाप, ओठ काळपट, मध्येच झोपून जाणं ही थकल्याची लक्षणं आहेत. उरलेलं दूध नळीनं जाऊ द्या. ऑपरेशन चांगलं झालं तरी पाजणं जमायला वेळ लागतो, आणि त्यात आईची काहीच चूक नसते.

डॉक्टरांशी बोलायचं म्हणजे काय विचारायचं, हे सुचत नाही. एक वही करा. त्यात रोज चार गोष्टी लिहा: आज काय बदललं, आज कशाची वाट पाहतोय, कशाची काळजी वाटते, उद्या काय ठरलंय. सकाळच्या राऊंडला हे चार प्रश्न विचारले तर दोन मिनिटांत उत्तरं मिळतात. सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, ‘म्हणजे उद्या नळी काढायचा प्रयत्न करणार, बरोबर?’ चुकीचं समजलं असेल तर तिथल्या तिथे कळतं. शिफ्ट बदलते तेव्हा सिस्टर एकमेकींना माहिती देत असतात, ती दहा-पंधरा मिनिटं सोडा. आणि नातेवाइकांचे फोन तुम्ही घेऊ नका. मामा, काका, आत्या यांपैकी एकाला नेमा. रात्री एक निरोप त्याला द्यायचा, बाकीच्यांना तो सांगेल.

तुम्हाला बाळाबद्दल जे ठाऊक आहे ते आम्हाला ठाऊक नसतं. ते कुठल्या कुशीवर झोपतं, दुखताना कसं रडतं, भुकेचं रडणं कसं वेगळं. ‘हे त्याचं नेहमीचं रडणं नाही,’ असं एखाद्या आईनं म्हटल्यावर तपासून पाहावं आणि खरंच काही निघावं, हे आयसीयूत नवं नाही. संकोच न करता सांगा.

काही दिवस मागे जाणारेही असतील. काढलेली श्वासाची नळी परत घालावी लागते. छोट्या बाळांत हे घडतं. ड्रेनमधून अचानक दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं, तर छातीतली बारीक रसवाहिनी दुखावलेली असते. मग काही आठवडे वेगळ्या प्रकारचं, कमी चरबीचं दूध द्यावं लागतं आणि बहुतेक बाळांत ते पाणी थांबतं. तोपर्यंत आईचं दूध काढून गोठवून ठेवता येतं का ते विचारा. रडणं घोगरं, बसक्या आवाजात येत असेल, दूध पिताना ठसका लागत असेल तर लगेच सांगा. स्वरयंत्राची नस हृदयाच्या शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीखालून जाते आणि शस्त्रक्रियेत ती दुखावू शकते. वेदनाशामक औषधं बरेच दिवस चालली असतील तर ती कमी करताना बाळ थरथरतं, सारखं शिंकतं, जांभया देतं, घामाघूम होतं. ही औषध सुटतानाची लक्षणं असतात. ते हळू कमी केलं की जातात. यातल्या कशालाही ‘ऑपरेशन फसलं’ असा अर्थ लावू नका, पण विचारल्याशिवाय राहूही नका.

आईनं रात्री झोपलं पाहिजे. मला हे दर वेळी भांडून सांगावं लागतं. बाळंतपणाला दोन आठवडे झालेली बाई आयसीयूबाहेरच्या जमिनीवर चटई टाकून चार-चार रात्री काढते, आणि बाळ वॉर्डात आल्यावर जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हा तापानं फणफणते. आलटून पालटून थांबा. परगावहून आला असाल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला धर्मशाळेबद्दल विचारा. त्यांचं पत्र असेल तर जागा मिळणं सोपं जातं. बाबा कागद, रक्तदाते आणि पैसे यांमागे इतके धावतात की दिवसभरात बाळाला एकदाही हात लावत नाहीत. तेही ठरवून आत या. रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसंच वाटत नसेल, झोप पूर्ण उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. घरी मोठं भावंड असेल तर त्याला खरं सांगा, त्याला समजेल तेवढं: बाळाचं हृदय दुरुस्त केलंय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आई अमुक वारी फोन करेल.

खर्चाचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि जन्मजात हृदयदोषांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, कक्ष असतो. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतंच; जन्माचा दाखला आणि आईबाबांची कागदपत्रं घेऊन तिथे आधी जा, पैसे भरल्यानंतर नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात आणि हृदयदोषाच्या मुलांना उपचारांशी जोडून देतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, हेही लक्षात असू द्या.

बाळ आयसीयूतून वॉर्डात आलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि इथेच तुमचं शिकणं सुरू व्हायला हवं. डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत ऐकलेलं लक्षात राहत नाही.

पहिलं उचलणं. छातीचं हाड मध्यभागी कापून तारांनी जोडलेलं असतं आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून किंवा दंड धरून बाळाला उचलायचं नाही. एक हात मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अलगद वर. आजी, आत्या, शेजारीण, जो कुणी घेणार त्या प्रत्येकाकडून हे करवून घ्या. पालथं कधी घालायचं, हे सर्जन सांगतील. झबली पुढून बांधायची घ्या, डोक्यावरून ओढावी लागणारी नकोत.

मग औषधं. लहान बाळांसाठी काही औषधं पातळ स्वरूपात मिळत नाहीत. गोळी ठरावीक मिली पाण्यात विरघळवून त्यातलं ठरावीक मिली द्यायचं असतं. इथे चुका होतात आणि त्या भारी पडतात. वॉर्डात असतानाच सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं दोन-तीन वेळा करून दाखवा. माप सुई नसलेल्या सिरिंजनं, चमच्यानं कधीच नाही. प्रत्येक औषधाचं नाव, ते कशासाठी, किती मिली आणि किती वाजता, हे मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवा आणि दिल्यावर खूण करा. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही. औषध दिल्यावर उलटी झाली तर परत द्यायच्या आधी फोन करून विचारा. शंट उघडा राहावा म्हणून ॲस्पिरिन चालू असलेल्या बाळाला जुलाब किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगातलं पाणी कमी झालं की शंटमध्ये गुठळी होऊ शकते. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तरी अशा बाळाच्या डॉक्टरांना कळवायचं.

जखमेवर हळद, तूप, पावडर, तेल काही नाही. ती कोरडी राहू द्या आणि भरेपर्यंत अंग पुसून काढा. मालिश करणाऱ्या बाईंना सर्जनची परवानगी मिळेपर्यंत नम्रपणे थांबवा. घरातल्या ज्येष्ठांना हे पटवणं कठीण असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बारसं पुढे ढकला. पहिले काही आठवडे सर्दी-खोकल्याच्या माणसानं घरात येऊ नये, आणि बाळाची पापी कुणीच घेऊ नये.

रुग्णालयात लगेच न्यायचं ते यासाठी: श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, ओठ किंवा जीभ नेहमीपेक्षा निळी, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, लघवी कमी, १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, जखम लाल होणं किंवा पू येणं, उचलल्यावर छातीत काहीतरी कटकन हलल्यासारखं वाटणं, किंवा बाळ न उठणारं, मलूल. रात्र असेल, गाव लांब असेल, तर १०८ ला फोन करा आणि फोनवर पहिलंच वाक्य ‘हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं बाळ आहे’ हे असू द्या. डिस्चार्जचा कागद, इकोचा शेवटचा रिपोर्ट आणि औषधांची यादी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये दाराजवळ ठेवा. मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही असू द्यात.

लशी थांबवायच्या नाहीत, पण वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्यानं लिहून घ्या. शस्त्रक्रियेत रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल, तर त्यातल्या प्रतिपिंडांमुळे नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ती काही महिने पुढे जाते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना हा कागद दाखवा. दात यायला लागले की मऊ कापडानं ते पुसायची सवय लावा, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर बसू शकतात. दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हृदयाच्या शस्त्रक्रियेचं आधी सांगा, म्हणजे अँटिबायोटिक लागतं का ते ते ठरवतील. आणि पहिल्या तपासणीची तारीख बाळ हसतंय, पितंय, वजन वाढतंय म्हणून चुकवू नका. औषधांचं माप बाळाच्या वजनावर ठरतं, आणि वजन वाढलं की तेही बदलावं लागतं.